कुंडीतल्या पाहुण्यांचा पावसाळा

 

आज फुलझाडांबद्दल बोलायचं आहे. मोगरा, अबोली, तगर ही आपल्या आजीच्या काळापासून दारात असलेली झाडं नव्हेत, तर बाहेरून आलेली, दिसायला देखणी आणि वागवायला नाजूक अशी झाडं. बोगनवेल, ॲडेनियम, रंगीत चाफा, पिवळी ॲलामांडा. गावात पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय करणारी घरं वाढली, तशी या झाडांना मागणी आली. पर्यटक आले की आधी फाटकावरच्या बोगनवेलीखाली उभं राहून फोटो काढतात, मग खोली बघतात. म्हणून प्रत्येक घरवाल्याला दारात रंग हवा असतो. ही रोपं आपणच घरी तयार केली आणि पावसाळ्यातून सांभाळून नेली, तर चार पैसे गटात राहतात. पण हे शिकायला आम्हाला एक पावसाळा आणि बरेच पैसे घालवावे लागले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं सांगतो आहोत.

आमची फसगत

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. नारळ, पोफळी, समुद्रावरच्या सुरूच्या बनातली झाडं, सगळंच. नवीन पोफळ लावली तर सुपारी हाती यायला पाच ते सात वर्षं लागतात, आणि नारळाचंही तसंच, कधी त्याहून जास्त. सुपारी वेचणं, वाळवणं, सोलणं ही आम्हा बायकांची हातातली कामं होती, तीच गेली. आता वाडी मोठी होईपर्यंत काय करायचं, हा प्रश्न गटाच्या बैठकीत पुन्हा पुन्हा निघायचा.

शेवटी फुलझाडांची रोपं करायची ठरलं. त्यामागे एक कारण होतं, ते स्पष्टच सांगतो. वाडी सासऱ्यांच्या, दिरांच्या, नवऱ्याच्या नावावर असते. आमच्या गटात सातबाऱ्यावर नाव असलेल्या दोघीच आहेत. वाडीत एखादं झाड लावायचं म्हटलं तरी चार जणांना विचारावं लागतं. पिशवीतल्या रोपाला मात्र सातबारा लागत नाही. पडवीची एक कड आणि अंगणाचा एक कोपरा पुरतो.

गटातून बारा हजार रुपये अंतर्गत कर्ज घेतलं. मे महिन्यात बाहेरगावच्या एका रोपवाटिकेतून २० ॲडेनियम आणि काही कलमी बोगनवेली आणल्या. फुलांनी नुसत्या लगडलेल्या होत्या. शिवाय मृगाचा मुहूर्त साधून तीनशे काड्या पिशव्यांत खोचल्या आणि अंगणात मांडल्या. आमचा समज असा, की पाऊस म्हणजे झाडाला अमृत.

गणपतीपर्यंत २० पैकी ३ ॲडेनियम उरली. बाकीच्यांचे खोड बोटाने दाबलं की आत जाई, शिजलेल्या रताळ्यासारखं. तीनशे काड्यांतल्या ४१ जगल्या. गटातल्या एका काकूंनी हप्ता भरायला घरच्या कोंबड्या विकल्या, तेव्हा बैठकीत कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देईना. ही झाडं उघड्या पावसात टिकत नाहीत हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं, हे खरं. पण ही झाडं मुळात कुठली, हे आम्ही तरी कुठे विचारलं होतं?

पाहुणे कुठून आले

झाडाचं माहेर कळलं की त्याचं अर्धं वागणं कळतं. सुनेचं जसं असतं ना, तसंच.

ॲडेनियम आफ्रिका आणि अरबस्तानच्या कोरड्या, खडकाळ मुलुखातलं. महिनोन्‌महिने पाऊस नाही, म्हणून ते आपल्या जाड खोडातच पाणी साठवून ठेवतं. चाफा, म्हणजे देवळाजवळचा पांढरा-पिवळा खुरचाफा आणि त्याचे लाल-गुलाबी भाऊबंद, आपल्याला कितीही घरचा वाटला तरी मूळचा मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या देशांतला. तोही उन्हाळ्यात पानं टाकून खोडाच्या जोरावर उभा राहतो. ॲलामांडा ब्राझीलच्या दमट भागातली. तिला पाऊस आवडतो, साचलेलं पाणी आवडत नाही.

बोगनवेलही दक्षिण अमेरिकेतली, आणि तिची गोष्ट तर आपल्या गटांत सांगण्यासारखीच आहे. १७६७ साली एक फ्रेंच जहाजांचा ताफा जगाच्या सफरीवर निघाला असताना ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. त्याचे प्रमुख होते बोगनव्हिल. सोबत कोमेरसाँ नावाचे वनस्पतीशास्त्रज्ञ आणि त्यांचा एक मदतनीस. हा मदतनीस खरं तर जान बारे नावाची शेतकरी घरातली बाई होती. जहाजावर बायकांना मनाई, म्हणून ती पुरुषाचा वेष करून आली होती. कोमेरसाँचा पाय दुखत असल्यामुळे रानात हिंडून झाडं गोळा करण्याचं पुष्कळसं काम तिनेच केलं, असं मानलं जातं. वेलीला नाव मात्र ताफ्याच्या प्रमुखाचं मिळालं. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली स्त्री म्हणून तिला आता ओळखतात. एका झाडाला तिचं नाव मिळालं ते २०१२ साली. ही गोष्ट बैठकीत सांगितली तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तिथेही काम तिचं आणि सातबारा त्याचा!"

थंड देशांत अशा झाडांचा मोठा शत्रू हिवाळा असतो. बर्फ पडायच्या आत कुंड्या घरात न्यायच्या, पाणी कमी करायचं, वसंत आला की बाहेर काढायच्या. परदेशात राहणाऱ्या आपल्या मराठी बायका तुळस आणि मोगऱ्याची कुंडी अशीच थंडीभर खिडकीत सांभाळतात. आपल्या किनाऱ्यावर थंडीने झाड मरत नाही. आपला हिवाळा म्हणजे पावसाळा. कोकण किनाऱ्यावर वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. तेव्हा झाड घरात घ्यायचं ते आपणही, फक्त महिना वेगळा.

पावसात झाड मरतं कसं

आपल्याला वाटतं मुळं पाणी पितात. पितात, पण त्यांना श्वासही घ्यायचा असतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, तिच्यावर मुळं जगतात. सतत पावसाने या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात. गुदमरलेल्या मुळाला बुरशी धरते. पोफळीचा कोळेरोग तुम्हाला माहीत आहे, जुलै-ऑगस्टमध्ये कोवळी सुपारी कुजून पटापट गळते तो. ओल्या मातीत मुळं कुजवणारी बुरशी त्याच जातकुळीतली. ती पाण्यातूनच पसरते, म्हणून एका कुंडीतलं पाणी दुसऱ्या कुंडीत उडू देऊ नये.

गंमत अशी, की मुळं कुजली की झाड वर पाणी पोचवू शकत नाही आणि पानं मान टाकतात. आपल्याला वाटतं तहानलं आहे, म्हणून आपण आणखी एक तांब्या ओततो. आमची निम्मी झाडं तरी या मायेनेच मेली. पान मलूल दिसलं की आधी बोट पेराएवढं मातीत घाला. आत ओल असेल तर पाणी देऊ नका, कुंडी आडोशाला न्या.

पावसाळा काढायची तयारी

ही तयारी मे महिन्यात, लाकूडफाटा आणि पापड-कुरडया भरून ठेवतो त्याच वेळी करायची.

पहिलं, कुंडीचं भोक. प्रत्येक कुंडी उचलून बघा. मुळांनी किंवा मातीने भोक बुजलेलं असतं. ते मोकळं करा आणि कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालून पाणी निघून जाईल. खालची थाळी पावसाळ्यात काढूनच टाका, तिच्यात डासही होतात.

दुसरं, माती. नुसती वाडीतली माती पावसात घट्ट बसते. आम्ही एक घमेलं माती, एक घमेलं जाड वाळू किंवा खडीमशीनची बारीक कच आणि एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत घेतो. ॲडेनियमसाठी कच दुप्पट आणि शेणखत निम्मं. नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडेही चालतात, पण ते आधी पाण्यात भिजवून दोन-तीनदा पाणी बदलून धुवायचे. समुद्राची वाळू मात्र मुळीच आणू नका. तिच्यातल्या मिठाने मुळं जळतात, आणि आपल्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, तिथली वाळू उपसणं बरंही नाही.

तिसरं, जागा. झाडांचे आम्ही दोन वर्ग केले आहेत.

ॲडेनियम, काटेरी युफोर्बिया आणि कुंडीतला लहान चाफा यांना छपराखाली घ्यायचं. पडवीची दक्षिण-पश्चिम बाजू टाळा, तिकडून झड येते आणि वाऱ्याबरोबर खारही येतो. उजेड मात्र हवाच, अंधाऱ्या माजघरात झाड फिकं पडून लांबुडकं होतं. आणि पागोळीखाली कुंडी कधी ठेवू नका. उघड्या पावसापेक्षा पागोळीची धार वाईट, ती माती खणून मुळं उघडी पाडते. या झाडांना पावसाळ्यात पाणी फक्त माती कोरडी झाल्यावर. कधी आठ दिवसांनी, कधी पंधरा. वाराचा हिशोब नको, बोटाचा हिशोब ठेवा.

बोगनवेल, ॲलामांडा आणि संकरित जास्वंद उघड्यावर राहू शकतात, पण पाणी निचरून जाईल अशा उंचवट्यावर. बोगनवेलीला पावसात खत घालू नका, नुसती हिरवी काठी वाढते. नव्या रोपांसाठी मात्र त्यांनाही छप्पर लागतं. चार बांबू, वर पारदर्शक प्लास्टिक, आणि वाऱ्याच्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधले की झालं. मातीच्या भिंतींना पावसात आपण झाप लावतो, त्याच युक्तीने. बाकीच्या दोन बाजू उघड्या ठेवा, नाहीतर आत वाफ कोंडून बुरशी येते.

चाफ्याच्या पानांमागे पावसात नारिंगी पूड दिसते, तो तांबेरा. ती पानं काढून पुरून टाका, झाडाखाली पडू देऊ नका. मुळकुज दिसली तर बाधित कुंडी लगेच बाजूला काढा. बाकीच्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरभर पाण्यात अडीच ते तीन ग्रॅम, बुंध्याशी ओता. ज्यांच्या घरी पोफळीसाठी बोर्डो मिश्रण करतात त्यांनी तेच वापरावं. १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत, आणि मग मोरचूदाचं पाणी ढवळत ढवळत चुन्याच्या पाण्यात सोडायचं. घासलेला कोयता बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडा वाढवा. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. हातमोजे घाला, भांडी वेगळी ठेवा, मुलांना दूर ठेवा.

काडी लावायची कशी

मृगात काडी लावायची ही आपल्या आजीची रीत बरोबरच होती. काडीला मुळं नसतात, त्यामुळे कोरड्या हवेत ती सुकते. पावसाळ्यात हवा दमट असते म्हणून ती तग धरते. आम्ही चुकलो ते एवढंच, की दमट हवेऐवजी तिला धो धो पाणी दिलं. हवा ओली आणि माती नुसती ओलसर, हे जमलं की काडी जगते.

बोगनवेलीची काडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची घ्या. अगदी कोवळी हिरवी कुजते, अगदी जून झालेली फुटत नाही. मधली, तपकिरी व्हायला लागलेली फांदी चांगली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप सरळ. असं केलं की लावताना उलटसुलट होत नाही. खालची पानं काढा, वर एक-दोन ठेवा. धारदार कात्री वापरा आणि प्रत्येक झाडानंतर ती पुसून घ्या. कृषी सेवा केंद्रात मुळं फुटण्याची पावडर मिळते. काडीचं टोक तिच्यात टेकवून जास्तीची झटकून टाका. पिशवीत आधी काठीने भोक पाडून मग काडी घाला, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. दोन डोळे मातीत, बाजूची माती बोटांनी दाबून बसवा.

नंतरचं काम सगळ्यात अवघड, ते म्हणजे काडी उपटून न बघणे! बोगनवेलीला मुळं धरायला महिना ते दोन महिने लागतात, जास्वंदीला तीन ते सहा आठवडे. आधी पालवी फुटते ती काडीतल्या साठ्यावर, तिला बघून हुरळून रोप विकायला काढू नका. पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं की रोप झालं समजा.

चाफ्याची रीत उलटी. त्याची फांदी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, पानं नसताना कापायची. चीक निघतो, तो वाहून जाऊ द्या. मग आठ-पंधरा दिवस सावलीत नुसती पडू द्या. काप कोरडा होऊन त्यावर खपली धरली की मगच लावा. ओली लावली की कुजलीच. पहिल्या पावसाआधी मुळं धरलेली असली पाहिजेत, म्हणून मेमध्ये लावायला काढू नका.

ॲडेनियमची काडी जगते, पण तिला ते गुबगुबीत खोड येत नाही, आणि गिऱ्हाईक खोडासाठीच पैसे मोजतं. म्हणून त्याचं बी लावायचं. ताजं बी आठवडाभरात उगवतं. पावसाळ्यात त्या बाळरोपांना वरून एक थेंबही लागू देऊ नका.

गुटी कलम

बोगनवेलीच्या काही जाती, विशेषतः दुहेरी फुलांच्या आणि चट्ट्यापट्ट्याच्या पानांच्या, काडीने नीट होत नाहीत. त्यांना गुटी बांधावी. फांदी आईच्या अंगावर असतानाच तिला मुळं फोडायची, असा हा प्रकार आहे. जून-जुलैमध्ये बोटाएवढी जाड फांदी निवडा. डोळ्याच्या खाली इंचभर रुंदीची साल बांगडीसारखी काढा. आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडा, तो राहिला तर साल पुन्हा जुळून येते. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली जात असतं. साल तोडली की ते वरच्या कडेला अडतं आणि तिथेच मुळं फुटतात. त्या कडेला पावडर लावा, भिजवून घट्ट पिळलेला काथ्याचा भुसा मूठभर गुंडाळा, वर प्लास्टिक, आणि दोन्ही टोकं सुतळीने इतकी घट्ट बांधा की पावसाचं पाणी आत शिरता कामा नये. महिना-दोन महिन्यांनी प्लास्टिकमधून मुळं दिसतात. मग खालून कापा, निम्मी पानं कमी करा, पिशवीत लावा आणि पंधरा दिवस सावलीत ठेवा.

पाऊस गेल्यावर

ऑक्टोबरचं कडक ऊन सुरू झालं की कुंड्या बाहेर काढायच्या, पण एकदम नाही. चार-पाच दिवस सकाळचंच ऊन, मग पूर्ण. पडवीत चार महिने राहिलेली पानं एकदम उन्हात करपतात. बोगनवेलीची हलकी छाटणी याच वेळी करा आणि पाणी थोडं ताणून द्या. तिच्या रंगीत पाकळ्या खरं तर पानंच असतात, खरं फूल आतलं इवलंसं पांढरट. पाणी मुबलक असलं की ती हिरवी पानं वाढवते, थोडा ताण पडला की रंगात येते. नाताळला पाहुणे यायच्या आत वेल फुललेली असते ती अशी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

ॲडेनियम आणि पिवळी कण्हेर ही विषारी झाडं आहेत. चाफ्याचा चीकही डोळ्यात, तोंडात जाऊ देऊ नये. विकताना हे तोंडी सांगा. घरात रांगतं मूल किंवा अंगणात शेळी असेल तर दुसरं झाड सुचवा. विक्री एक कमी झाली तरी चालेल.

दुसरं, फुलझाडं जमली की आंब्याची कलमंही विकू असं वाटतं. महाराष्ट्रात फळझाडांची कलमं-रोपं विकायला कायद्याने परवाना लागतो. आधी चौकशी करा. रोह्याजवळच्या किल्ला इथलं कृषी विज्ञान केंद्र आणि श्रीवर्धनचं सुपारी संशोधन केंद्र आपल्या जवळ आहे. गटाने मिळून गेलं की विचारायला संकोच वाटत नाही.

आमचा हिशोब

दुसऱ्या वर्षी आम्ही दोनशेच काड्या लावल्या, झापाच्या मांडवाखाली. १२८ जगल्या. बांबू वाडीतले, झाप घरचे, खर्च प्लास्टिक, पिशव्या आणि पावडरीचा. त्या वर्षी पहिल्या कर्जाची परतफेड पुरी झाली आणि थोडी रक्कम गटात उरली. काकूंनी पुन्हा कोंबड्या घेतल्या. यातून वाडीची भरपाई होते असं आम्ही म्हणणार नाही. एका पोफळीच्या आगराला पिशव्यांची रांग पुरी पडत नाही. पण शाळेची फी, औषधाचा खर्च, गटाचा हप्ता यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

आता प्रत्येक पिशवीला आम्ही एक चिठ्ठी बांधतो. झाडाचं नाव, ते मूळचं कुठलं, पावसाळ्यात कुठे ठेवायचं, आणि ज्या बाईने रोप केलं तिचं नाव. पहिल्यांदा चिठ्ठीवर नाव लिहिताना त्या काकू म्हणाल्या, "माझं कशाला, मालकांचं लिहा." आम्ही त्यांचंच लिहिलं.

मैत्रिणींनो, यंदा मे महिन्यात पापड वाळत घालाल तेव्हा एकदा कुंड्यांची भोकंही बघून घ्या. तुमच्या गावात कोणतं झाड पावसात दगा देतं, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी त्यावर बोलू. नमस्कार.